कलेजीचा मान

आमच्या घराण्यात कॉलेजाची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी स्वतःच सांगून टाकतो, कारण माझ्यामागे सांगणारे वेगळंच काहीतरी सांगतील. कोणी म्हणेल मामानं शिकवलं, कोणी म्हणेल कापसाच्या पैशानं शिकवलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अपुरं आहे. मी गाव सोडून अमरावतीच्या शाळेत गेलो तो कोंबडीच्या कलेजीपायी. हसायचं त्यानं हसावं. माझ्या नातसुना हसतातच.

आमचं गाव अकोटच्या वाटेवरचं, काळ्या जमिनीतलं. दूर कुठं समुद्रापल्याड गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्या कापसावर लोक उड्या टाकत होते, इतकंच आम्हाला कळे. बाबांनी ज्वारीचं वावर मोडून तिथंही कापूस पेरला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. मायच्या हातात गोठ आले आणि ते भाकरी थापताना खडखडायला लागले. दिवसभर ओसरीत लाकडी चरकी करकरत असे; तिच्यातून एका अंगानं पांढरीशुभ्र रुई निघे आणि दुसऱ्या अंगानं सरकी टपटप पडे. त्या सरकीचे ढीग सगळीकडे. गोठ्यात सरकी, न्हाणीत सरकी, अंथरूण झटकलं की सरकी. खायची ज्वारी मात्र बाजारातून आणावी लागे, आणि ती महाग. कोणीतरी अक्कल काढली की बैलाला सरकी चालते तर कोंबडीला का चालू नये. बाबा म्हणाले, "जवारी आता आमीच मोजून खाऊन राहिलो, कोंबडीले कायले? सरकी कुटून घाला." सगळ्या गावानं तेच केलं. भाकरीच्या चुऱ्यात कुटलेली सरकी कालवायची आणि आंब्याच्या बुडाशी टाकायची, हे काम माझ्याकडे आलं.

कोंबडी आमच्यात घरातल्या चुलीवर शिजत नसे. देवाच्या भिंतीला तिचा वासही लागू द्यायचा नाही. गोठ्यामागे वेगळी चूल, तिचं मडकं वेगळं, डाव वेगळा, आणि विळा तर गोठ्याच्या मेढीलाच खोचलेला असे. तिथं जळणही वेगळं: पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. पऱ्हाटीचा जाळ झरझर पेटतो आणि मागे बारीक लाल निखारा ठेवून जातो. तिथली राणी माझी माय आणि तिचा दिवाण मी. कोंबडी धरायची मी, पाय बांधायचे मी, गरम पाण्यात बुडवून पिसं उपटायची मी. आणि ह्या सगळ्याचं मोल एकच. ज्याच्या हातानं कोंबडी निवडली गेली आणि साफ झाली त्याची कलेजी. पाहुण्याला तंगडी, घरच्या धन्याला छाती, आणि त्या हाताला कलेजी, असा आमच्या घरचा कायदाच होता. माय ती कलेजी मीठ-तिखट चोळून पऱ्हाटीच्या काडीला टोचायची, निखाऱ्यावर धरायची, आणि बाहेरून काळी, आतून मऊ झाली की फुंकर घालून माझ्या तळहातावर ठेवायची. दादा माझ्यापेक्षा थोरला, वावर सांभाळणारा, पण त्यालाही ती मिळत नसे. पुढं आयुष्यात मला माणसांनी हार घातले, खुर्च्या दिल्या. पण त्या चटका देणाऱ्या तळहाताची सर कशालाही आली नाही.

मग दादाचं लग्न झालं आणि तुळसावहिनी आली.

ती परतवाड्याकडची. तिचा बाप तिथल्या छावणीला भाजीपाला आणि कोंबड्या पुरवायचा. छावणीतले बावर्ची मोठे खवट. एक कोंबडी आजारी निघाली की टोपलीच परत. त्यामुळे ह्या बाईचं लहानपण कोंबड्यांच्या टोपल्यांमध्ये, हात घालून चांगली-वाईट वेगळी करण्यात गेलेलं. रंगानं सावळी, बोलायला धारदार, आणि चालताना जोडव्यांचा आवाज असा काढायची की गोठ्यातली गाय मान वळवून पाहायची. सासऱ्यासमोर मात्र पदर हनुवटीपर्यंत. त्या काळी सून सासऱ्याशी बोलत नसे. काही सांगायचं तर मधे कोणीतरी लागे, आणि आमच्या घरी तो मधला मी. "भाऊजी, मामाजीले सांगा पानी तापलं." मामाजी म्हणजे सासरा; मी वळून तेच बाबांना सांगायचो. बाबांनी ते आधीच ऐकलेलं असायचं, तरी मी सांगेपर्यंत ते उठायचे नाहीत.

पहिल्याच आठवड्यात तिनं अंडं फोडलं आणि तशीच थांबली. "आत्याबाई, बलक असा शेवाळी काहून?"

माय म्हणाली, "दृष्ट लागली वं. सारं गाव जळून राहिलं आपल्यावर." आणि तिनं खुराड्याला बिब्बा बांधला.

वहिनीनं ते अंडं उकिरड्यावर फेकलं, राखेनं हात घासले आणि खुराड्याकडं बघत राहिली. मला तेव्हाच तिचा राग आला. खुराडं माझं होतं.

त्यानंतर एकेक गोष्ट माझ्या हातातून सुटत गेली, आणि मी ती सुटताना बघत होतो. आधी विळा. आम्ही एकाच विळ्यानं कोंबडीही कापायचो आणि कांदाही. तिनं सांगितलं, कच्च्या मासाचा विळा कांद्याला लागायचा नाही. आणि माय, जी आपल्या सख्ख्या बहिणीचंही ऐकत नसे, ती दुसरा विळा आणायला कबूल झाली. मग चुलीजवळचा माझा बसायचा दगड. "भाऊजी, थोडे तिकडं सरका, राख उडून रांजनात जाऊन राहिली." मी सरकलो, तो त्या दगडावर पुन्हा कधी बसलो नाही. मग मायचं हसू. गोठ्यामागून दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि मी आत गेलो की थांबायचं. मी मुद्दाम जायचो. मला थांबवायचंच असायचं ते.

कलेजीचं मात्र अजून ठरलं नव्हतं. लग्नानंतर त्या चुलीवर नुसती अंडीच शिजली, कोंबडी कापलीच गेली नव्हती, आधी सण आडवा आला, मग सुतक. आणि माझ्याकडे हुकमी पान होतं: माझा सरदार. सरदार म्हणजे मी पिलापासून वाढवलेला कोंबडा. सगळ्यात जास्त सरकी त्याला. ऊर असं पुढं काढून चालायचा की पाटलाच्या घरचेही भिंतीवरून बघायचे. मायचा भाऊ, आमचा मामा, जेवायला येणार असं कळलं. मामाच्या बैलगाड्यांचा तांडा होता. कापसाच्या गठड्या अमरावतीला पोचवून त्यानं तिथं घर बांधलं होतं. बाबांना त्याच्यासमोर तोरा दाखवायचा होता. ते म्हणाले, "किसन्याचा कोंबडा काढा." माझी छाती सरदारापेक्षा पुढं आली. निवडलेला माझा, धरणार मी. कलेजी कोणाची, हे विचारायचीही गरज नव्हती.

सकाळी मी सरदाराला बगलेत मारून गोठ्यामागे आलो. वहिनी कमरेला पदर खोचून उभी होती. "आना," म्हणाली. मी दिला नाही, तिनं घेतला. आधी डोळा पाहिला, पापणी वर करून. मग तुरा बोटानं चाचपला. शेपटीखालची पिसं कोरडी आहेत का ते पाहिलं. छातीवरच्या पिसांत फुंकर घातली आणि खालची कातडी पाहिली. शेवटी पोटाखाली तळहात लावला आणि त्याला हळूच हलवलं, जसा आपण नारळ हलवतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "हा कोंबडा नाई, पखाल हाय. आत पानी भरलं."

"मास हाय थे," मी म्हणालो. "तुमच्या परतवाड्यात असा कोंबडा पाह्यलाच नसन कोनी."

"असा पाह्यला न गाडून टाकला. सरकीनं पोट फुगलं याचं. माह्या हातानं हा चुलीवर नाई चढनार. मामाजीले सांगा."

खरं सांगतो, मला त्या क्षणी आनंद झाला. नवी सून सासऱ्याचा शब्द मोडते, तोही मामा येणार त्या दिवशी! मी धावत ओसरीवर गेलो. बाबा फेटा बांधत होते. "बाबा, वयनी म्हनते, तुमचा कोंबडा मी नाई शिजवत." माझा कोंबडा मी तेवढ्यापुरता बाबांचा करून टाकला.

बाबा अर्धा फेटा हातात घेऊनच गोठ्यामागे आले. मागून माय, मागून दादा. वहिनीनं पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. बाबा माझ्याकडे बघून गरजले, "इचार तिले, साळ्याच्या ताटात मी काय वाढू? सरकी?"

मी तोंड उघडायच्या आत भिंतीकडून आवाज आला. "भाऊजी, मामाजीले सांगा, सरकी त्याच्या पोटात हायच. कापून पाहा म्हना. पोटातून पानी नाई निघालं, तर मले आजच माहेरी धाडा. मी वापस येनार नाई."

चरकीसुद्धा थांबली. दादाचा चेहरा रुईसारखा झाला. सासऱ्यासमोर असं बोलून सून माहेरी गेली की तिचं परत येणं किती अवघड, हे मलाही कळत होतं. आणि मी काय करत होतो? मी मनातल्या मनात बैलगाडी जुंपत होतो. परतवाड्याची वाट, गाडीत गाठोडं, गाठोड्याजवळ वहिनी, आणि इकडे माझा दगड मोकळा. मी बाबांना तिचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

"काप रे," बाबा दादाला म्हणाले.

दादानं मान कापली, पिसं न काढताच पोटाला विळा लावला, आणि पाणी आलं. थोडंथोडकं नाही, गव्हाच्या काडाच्या रंगाचं पाणी भळभळ त्याच्या मनगटावरून वाहिलं. सरदाराचं ते भरदार ऊर आणि पोट बघता बघता रिकाम्या पिशवीसारखं लोंबलं. आत मास मूठभर. दादानं कलेजी बाहेर काढली. माझी कलेजी. ती लाल नव्हती. चितकबरी, पिवळट, कडेनं हिरवी. मायनं नाकाला पदर लावला. मी तिच्याकडंच बघत होतो, ती माझ्याकडं बघेल म्हणून. ती वहिनीच्या पाठीकडं बघत होती.

बाबांनी फेट्याचं उरलेलं टोक हळूहळू डोक्याला गुंडाळलं. मग म्हणाले, "किसन्या, सांग तुह्या वयनीले, कोनती शिजवाची थे तिनंच पाहावं." आणि निघून गेले. ह्याहून मोठी शरणागती मी पुढं इतिहासाच्या पुस्तकांतही वाचली नाही.

तिनं सरदार कुत्र्यालासुद्धा देऊ दिला नाही. खड्डा खणायला लावून राख टाकून पुरला. मग तिनं काय केलं ते मी गोठ्याच्या दाराआडून पाहिलं, आणि हेव्यानं पाहणारा माणूस फार बारीक पाहतो, म्हणून आजही मला ते जसंच्या तसं सांगता येतं. तिनं दादाचे हात आणि आपले हात राखेनं घासून कढत पाण्यानं धुतले. विळा जाळावर धरला. सरदाराचं पाणी सांडलं होतं ती जागा सोडून दुसरीकडे फळी मांडली. मग अंगणभर नजर टाकली आणि उघड्या मानेची एक किडकिडी तलंग धरली, अजून अंड्यावरही न आलेली, जिला मी हिशेबात धरत नव्हतो. ती सरकीला तोंड लावत नसे. दिवसभर गोठ्यातलं शेण उकरून दाणे-किडे वेचायची. वहिनीनं तिच्या छातीच्या हाडाचं टोक दाबलं, ते कोवळ्या फांदीसारखं लवलं. "हे पाहा आत्याबाई, हे खरं वजन." पित्ताची पिशवी न फोडता तिनं ती नखानं वेगळी केली. मास हळदीत चोळलं, झाकून ठेवलं, माशी बसू दिली नाही. निखाऱ्यावर भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, मिरची पाट्यावर वाटली, आणि पऱ्हाटीच्या जाळावर मडकं चढवलं. मायनं घाई केली तर म्हणाली, "हाडानं मास सोडलं पाह्यजे. सांध्यातून लाल पानी दिसून राहिलं तवर झाकन उघडाचं नाई." त्या रश्श्याचा वास गावाच्या वेशीपर्यंत गेला असेल. मी नाक दाबून बसलो होतो.

आणि मग मायनं कलेजी काडीला टोचली. निखाऱ्यावर धरली, फिरवली, फुंकर घातली. मी दाराआडून पुढं आलो होतो, हे मला कळलंही नाही. मायनं ती वहिनीच्या तळहातावर ठेवली. "घे वं. तुह्या हाताचा मान हाय."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं कलेजीचे दोन तुकडे केले आणि एक पुढं केला. "घ्या भाऊजी."

"मले नाई लागत," मी म्हणालो. अर्धी कलेजी म्हणजे भीक.

पंगतीत मामानं तर्री ओरपली, बोटं चाटली, आणि बाबांना म्हणाला, "दाजी, कापूस तर साऱ्याइच्या घरी पिकला, पन अशी सून कोनाच्या घरी नाई आली." मग त्याची नजर माझ्या कोरड्या ताटाकडं गेली. "हे पोट्टं काहून जेवून नाई राहिलं?"

"कोंबडा मेला त्याचा," दादा म्हणाला, आणि सगळे हसले.

मामा हसला नाही. त्याला मूलबाळ नव्हतं. म्हणाला, "अमरावतीले येतं काय रे माह्यासंग? शाळा हाय तिथं. इंग्रजी शिकवतात."

"येतो," मी म्हणालो. बाबा बघतच राहिले. मी म्हटलं खरं, पण मी वाट बघत होतो. गोठ्यामागे मडक्याचं बूड खरवडल्याचा आवाज येत होता. माय तिथं होती. दादानं ओरडून सांगितलं, "माय, किसन्या मामासंग शिकाले चाल्ला!" मला वाटलं, आता ती हातातला डाव खाली टाकून येईल आणि म्हणेल, माहं लेकरू मी कोठी धाडत नाई. खरवडणं क्षणभर थांबलं. "जाऊ दे," माय म्हणाली, "शहाना होईन." आणि मग वहिनी काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. काय बोलली ते मला अजून माहीत नाही. वहिनीही गेली, मायही गेली, आता विचारायचं कोणाला?

तर असा मी शिकलो. अमरावतीत, मग मुंबईला. वर्गातली मुलं एकमेकांच्या नंबरांवर जळायची. मी कोणावर जळलो नाही. माझं सगळं जळणं गावी गोठ्यामागे खर्च होऊन गेलं होतं. इथं अमरावतीत आजही कोंबडी मी स्वतः आणतो. डोळा पाहतो, फुंकर घालतो, पोटाखाली हात लावून हलवतो. बाजारातले लोक म्हणतात, साहेब शिकलेले असून कोंबडी चांगली ओळखतात. कुठं शिकलो ते मी त्यांना सांगत नाही.

पदवी घेऊन गावी गेलो तेव्हा वेशीपासून वाजंत्री होती. बाबा पांढरे झाले होते, कापसाचा तो भाव कधीच उतरला होता, आंब्याखाली कोंबड्या ज्वारी टिपत होत्या. मला ओसरीवर पाट मांडला, भोवती रांगोळी, शेजारी पाटील. मी कोट घालून बसलो आणि तेवढ्यात गोठ्यामागून तो वास आला. रश्श्याचा नव्हे. निखाऱ्यावरच्या कलेजीचा. मी पाटावरून उठलो. पाटील म्हणाले, "कोठी चाल्ले?" मी तसाच गोठ्यामागे गेलो.

चुलीजवळ माझ्या दगडावर वहिनीची पोरगी बसली होती, हातावर राख, केसांत पीस. वहिनीनं पदर सावरला. "भाऊजी, तुमी कायले आले धुरात? कोट खराब होईन ना."

"कोंबडी कोणी निवडली?" मी विचारलं.

"म्या!" पोरगी म्हणाली. तिच्या तळहातावर कलेजी होती, बाहेरून काळी, अजून वाफ येणारी. मी बघत राहिलो असेन, कारण पोरीनं एकदा कलेजीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि हात माझ्याकडं पुढं केला. सगळी. अर्धी नव्हे. माझाही हात कोटाच्या खिशातून बाहेर आला होता.

वहिनीनं पोरीचा हात मागे ओढला. आवाज मऊ होता तिचा, त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. "पाव्हन्याले कलेजी नसते देत बाई. पाव्हन्याले तंगडी."

पोरीनं कलेजी तोंडात टाकली. मी ओसरीवर परत आलो, पाटावर बसलो, आणि तंगडी खाल्ली. हाडानं मास सोडलं होतं. चांगली झाली होती. खोटं कशाला सांगू?